मार्जारस्नानाचा जाहीर निषेध

मांजराला आंघोळ घालणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. या माणसांत मी स्वतःही मोडतो, म्हणून ते जरा सौम्य शब्दांत मांडतो आहे, इतकंच. खरं तर ज्या शब्दांत मांडायला हवं, ते सगळे शब्द ठमीने त्या रविवारी आमच्या न्हाणीघरात वापरले आणि मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांनी ते ऐकले.

ठमी म्हणजे आमचं मांजर. पांढऱ्यावर काळे डाग, वय वर्षं नऊ, वजन पावणेचार किलो. (हे वजन डॉक्टरांच्या काट्यावरचं आहे. काट्यापर्यंत जायची वेळ का आली, ते पुढे येईलच.) नऊ वर्षांत तिला कुणी एकदाही आंघोळ घातली नव्हती आणि नऊ वर्षांत तिच्या अंगाला एकदाही वास आला नव्हता. उलट मी गेली साठ वर्षं रोज न चुकता आंघोळ करतो, तरी मे महिन्यात डोंबिवली लोकलमध्ये माझ्या शेजारचा माणूस तोंड खिडकीकडे करून बसतो. हा साधा हिशेब वेळीच कुणी मांडला असता, तर पुढचं रामायण टळलं असतं.

पण आंघोळीच्या बाबतीत आपण मराठी माणसं हिशेब ऐकून घेत नाही. सकाळी भेटलेल्या माणसाला आपण ‘कसे आहात?’ असं विचारत नाही. ‘आंघोळ झाली का?’ असं विचारतो. वर्षातून एकदा भल्या पहाटे तेल चोळून, उटणं लावून, कुडकुडत आंघोळ केली नाही तर माणूस नरकात जातो, अशी आपली श्रद्धा. ‘पारोसा’ हा आपल्याकडे नुसता शब्द नाही, आरोप आहे. लाच खाल्लेला माणूस चारचौघांत ताठ मानेने वावरतो. पण पारोसा माणूस दारावरची बेल वाजली की आतल्या खोलीत पळतो. अशा समाजात नऊ वर्षं एक पारोसं मांजर सोफ्यावर उताणं झोपतं, हे कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत खुपणारच होतं.

गंमत अशी की, आंघोळीच्या बाबतीत आमच्या घराण्यात सगळ्यात कडक होती ती माझी आजी, आणि तिला मांजर कधी खुपलं नाही. वाईच्या घरात आजी सोवळ्यात असली की आम्हा पोरांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ फिरकायची सोय नव्हती. शाळेच्या कपड्यांनी चुकून हात लागला, तर सगळी आंघोळ परत. आणि मांजर? मांजर खुशाल तिच्या ओच्याला अंग घासत चुलीपर्यंत जायचं, उबेला बसायचं आणि उठून परत यायचं. मी एकदा रडकुंडीला येऊन विचारलं, “तिचा विटाळ नाही होत?” आजी म्हणाली, “मांजराला विटाळ नाही. ती दिवसभर अंग धूत असते. तुझ्यासारखी दोन तांबे ओतून पळत नाही.” आजी शाळेत गेली होती ती जेमतेम चौथीपर्यंत. पण प्राणिशास्त्र तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं, हे मला साठीनंतर समजलं.

आता प्रकरण कसं उद्भवलं ते सांगतो. माझी मेहुणी नागपूरहून एका लग्नासाठी आठ दिवस आमच्याकडे यायची होती. तिला मांजर जवळ आलं की शिंका येतात. येण्याआधी आठवडाभर तिचा फोन आला. गाडीची वेळ, साड्या, आहेर हे सगळं बोलून झाल्यावर तिने विचारलं, “मांजर आहे ना अजून?” घरातल्या जुन्या दुखण्याची चौकशी करावी तसा स्वर. ही म्हणाली, “आहे.” मग ती म्हणाली, “आंघोळबिंघोळ घालता की नाही तिला?”

बस्स. एवढंच. पण बहिणीने बहिणीला विचारलेल्या प्रश्नात जो भाग लिहून दाखवता येत नाही, तोच महत्त्वाचा असतो. त्या ‘बिंघोळ’ने घाव घातला. फोन ठेवल्यावर हिने ठमीकडे पाहिलं. नऊ वर्षं मांडीवर घेतलेल्या जिवाकडे ती पहिल्यांदाच पाहुणीच्या डोळ्यांनी पाहत होती.

सल्लागारांना आपल्याकडे तोटा नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांना जगातल्या कुठल्याही विषयातलं कळतं. फक्त तो विषय त्यांच्या घरात असता कामा नये. मांजर त्यांनी जन्मात पाळलेलं नाही. ते म्हणाले, “अगदी सोपं असतं. कोमट पाणी घ्या, शाम्पू घ्या, आणि पाण्यात झाकणभर जंतुनाशक टाका. ते पांढरं होणारं. पिसवा जागच्या जागी मरतात.” ठमीला पिसवा नव्हत्या. पण नसलेल्या पिसवा मरणार म्हटल्यावर आम्हाला बरं वाटलं. चिरंजीवांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठलंसं परदेशी मांजर टबमध्ये गळ्यापर्यंत पाण्यात बसलं आहे आणि शेजारी प्लॅस्टिकचं पिवळं बदक तरंगतं आहे. व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. एकेचाळिसाव्या सेकंदाला काय घडलं, ते दाखवत नाहीत.

शाम्पू मीच आणला. दुकानात मांजरासाठीचा नव्हता. दुकानदाराने कुत्र्याचं चित्र असलेली बाटली काढून दिली आणि म्हणाला, “सगळं एकच असतं हो साहेब.” वासात मात्र निवड होती. मी मोगऱ्याचा घेतला. मांजराला मोगऱ्याचा वास का यावा, हा प्रश्न मला दुकानात पडला नाही. तीनशे रुपये मोजून मी घरी आलो.

रविवारी सकाळी अकरा वाजता मोहिमेला सुरुवात झाली. आमचं न्हाणीघर सहा फूट बाय चार फूट. त्यात एक बादली, एक टब, एक गीझर, मी, चिरंजीव आणि ठमी. ही दारात टॉवेल घेऊन उभी. तिचं काम धीर देण्याचं. तो कुणाला द्यायचा, हे ठरलेलं नव्हतं. दार लावल्याचा आवाज झाला आणि ठमीने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणापर्यंत तिला वाटत होतं की, आम्ही तिघं मिळून पाल शोधतो आहोत.

पुढचं क्रमाने सांगणं अवघड आहे, कारण ते क्रमाने घडलं नाही. पहिला तांब्या तिच्या पाठीवर पडला आणि मांजराच्या अंगात पाय किती असतात, याबद्दलच्या माझ्या कल्पना बदलल्या. चार मी धरले होते. उरलेल्यांनी ती माझ्या खांद्यावर चढली. खांद्यावरून गीझरच्या पाइपवर. पाइपवरून चिरंजीवांच्या डोक्यावर. चिरंजीव इंजिनिअर आहेत. संकटकाळी डोकं शांत ठेवावं, असं ते मला नेहमी सांगतात. त्या वेळी त्यांचं डोकं शांत होतं की नाही ते दिसायला मार्ग नव्हता, कारण त्यावर ठमी होती. मध्येच कुणीतरी शाम्पू ओतला. त्यातला निम्मा मला लागला. बाहेरून ही ओरडत होती, “पोटाकडून घाला, पोटाकडून!” पोट कुठल्या दिशेला आहे, याचा आम्हाला पत्ता नव्हता. त्यातच जंतुनाशकाची बादली सगळीच्या सगळी तिच्या अंगावर उपडी झाली. तीत झाकणं दोन पडली होती. काकांनी सांगितलेलं एक, आणि मनाच्या समाधानासाठी हिने टाकलेलं एक.

तेवढ्यात कडी निघाली आणि ठमी गेली. वरचं स्वच्छ पाणी घालायचं राहूनच गेलं.

ती कपाटाखाली सापडली. ‘भिजलेलं मांजर’ हा शब्दप्रयोग आपण हरलेल्या उमेदवाराला, बॉसच्या केबिनमधून बाहेर आलेल्या कारकुनाला सहज वापरतो. ज्यांनी खरंखुरं भिजलेलं मांजर पाहिलं आहे, ते वापरणार नाहीत. पावणेचार किलोतलं निम्मं मांजर केसांचं असतं. ते गेल्यावर उरलेलं मूठभर काहीतरी भिंतीला टेकून थरथरत होतं. ते अंग चाटत होतं. तेव्हा मला वाटलं, चला, सावरली. मी हाताला हळद लावून घेतली (ओरखडे सतरा, त्यांतले दोन खोल) आणि आम्ही जेवायला बसलो. जेवताना आम्ही हसलोसुद्धा.

संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. खाल्लं नाही. पाणी प्यायला वाटीपर्यंत आली आणि वाटीपुढे नुसती बसून राहिली. चालताना मागचे पाय फाकत होते. रात्री साडेनऊला तिला टोपलीत घालून रिक्षाने स्टेशनपलीकडच्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. रिक्षात कुणी बोलत नव्हतं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, असं लहानपणी ऐकलेलं. मी वातावरण हलकं करायला म्हणालो, “पावणेचार किलो सोनं म्हणजे फ्लॅट विकावा लागेल.” ही रडायला लागली. विनोदाच्या जागा आयुष्यभर चुकत आलो आहे, पण एवढी कधी चुकली नव्हती.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिचं तोंड उघडून पाहिलं. जीभ सोलवटली होती. “अंगाला काय लावलंत?” मी सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “मांजर अंगावर जे पडेल ते चाटून पोटात घेतं. तुम्ही तिला आंघोळ घातली नाहीत, हे औषध पाजलंत.” या जंतुनाशकांत फिनॉलच्या जातीची रसायनं असतात. माणसाचं यकृत ती रसायनं बदलून शरीराबाहेर काढू शकतं. मांजराच्या यकृताला ते काम धड जमत नाही. लादी पुसायच्या फिनाइलची गोष्टही तीच. मग त्यांनी शाम्पूची बाटली मागितली. (ही ती सोबत घेऊन आली होती. बायका अशा वेळी विचार करतात.) मजकूर वाचून ते म्हणाले, “नशीब, नुसता वासाचा आहे. कुत्र्यांच्या पिसवांच्या औषधात पुष्कळदा परमेथ्रिन असतं. ते असतं तर तिला झटके आले असते.” सगळं एकच असतं हो साहेब!

आणि मग डॉक्टरांनी उपचार काय करावा? आंघोळ! अंगावरचं औषध काढायला कोमट पाण्याने ती पुन्हा सबंध धुतली. या वेळी ठमीने प्रतिकार केला नाही. ती नुसती धुवून घेत होती. न्हाणीघरातल्या त्या आरडाओरड्यापेक्षा हे शांत बसणं मला जास्त सहन झालं नाही. मग सलाइन, इंजेक्शन, दोन रात्री मुक्काम.

त्या दोन रात्री मी जागा होतो आणि जागेपणी वाचत होतो. माझा हा निषेध नुसत्या ओरखड्यांवर उभा नाही, हे वाचकांच्या ध्यानात यावं म्हणून त्यातलं थोडं सांगतो.

मांजर आपल्या जागेपणातला साधारण चौथा हिस्सा अंग साफ करण्यात घालवतं. आपण इतका वेळ कुठल्याच चांगल्या कामाला देत नाही. अमेरिकेतल्या अटलांटा इथल्या जॉर्जिया टेक या संस्थेत अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी मांजराच्या जिभेचा अभ्यास करून २०१८ साली तो प्रसिद्ध केला. नुसत्या घरमांजराच्याच नाही, तर सिंह, वाघ, हिमबिबट्या यांच्याही जिभा त्यांनी तपासल्या. जिभेवर जे काटे असतात, त्यांची टोकं पन्हळीसारखी पोकळ असतात, असं त्यांना आढळलं. ती आपोआप लाळ ओढून घेतात आणि थेट केसांच्या मुळाशी कातडीपर्यंत पोचवतात. म्हणजे साबण, पाणी, कंगवा आणि नळ हे सगळं एकाच अवयवात. त्यावर मी तीनशे रुपयांचा मोगरा ओतत होतो! शिवाय मांजराला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना; उन्हाळ्यात अंग गार ठेवायलाही ही लाळच उपयोगी पडते. पिसवांचंही तेच. गळ्यात पुठ्ठ्याचा पट्टा घालून ज्या मांजरांना चाटण्यापासून रोखलं, त्यांच्या अंगावर तीन आठवड्यांत चाटणाऱ्या मांजरांच्या दुप्पट पिसवा झाल्या. थोडक्यात, पिसवांवरचा इलाज काकांच्या झाकणात नसून ठमीच्या तोंडात होता, आणि आम्ही नेमकं तेच भाजलं.

मेहुणीच्या शिंकांचीही मी शहानिशा केली. शिंका येतात त्या मळामुळे नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत एक प्रथिन असतं, त्याने येतात. चकचकीत, धुतलेल्या मांजरालाही लाळ असतेच. आंघोळीने ते प्रथिन अंगावरून कमी होतं खरं. पण आठवड्याच्या आत पुन्हा होतं तेवढं होतं. म्हणजे मेहुणीला शिंका येऊ नयेत म्हणून तिच्या आठ दिवसांच्या मुक्कामात मला ठमीला किमान दोनदा धुवावं लागलं असतं. त्यापेक्षा मेहुणीने शिंकांची गोळी घ्यावी, हे स्वस्त आणि रक्तहीन आहे.

‘कुत्र्याला घालता ना आंघोळ?’ असा युक्तिवाद मला तीन जणांनी केला. कुत्र्याला आंघोळ घातली की तो बाहेर जाऊन मातीत लोळतो आणि हिशेब मिटवतो. आणि कुत्र्याची गोष्ट वेगळीच आहे. तो माणसाच्या नोकरीत आहे. साहेबांनी गणवेश धुवायला सांगितला तर धुवायचा. मांजर नोकरीत नाही. ते फार तर पोटभाडेकरू आहे, आणि भाडेकरूला कॉलर धरून न्हाणीघरात नेण्याचा अधिकार कुठल्याही मालकाला कायद्याने दिलेला नाही. त्यातून घरमांजराचे पूर्वज आफ्रिकेतली आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. पोहायचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला असेल. ‘मग वाघ कसा पाण्यात बसतो?’ बसतो. बंगालकडे पाण्यात सूर मारून मासे धरणारं मांजरही आहे. पण मावशी म्हणून भाच्याच्या सगळ्या सवयी उचलायच्या, असा नियम असेल तर मीही माझ्या भाच्यासारखं कानाला भिकबाळी लावून हिंडायला हवं.

मी आंघोळीचा सरसकट शत्रू नाही, हेही नमूद करतो. मांजर ऑइलपेंटच्या डब्यात पडलं, गाडीखालून ग्रीस माखून आलं, तर धुवायलाच हवं, कारण नाही तर ते चाटेल. कातडीला गजकर्ण झालं आणि डॉक्टरांनी औषधी पाण्याने धुवा म्हटलं, तर धुवावं. परदेशात स्फिंक्स नावाची बिनकेसांची मांजरं आहेत. त्यांच्या कातडीवरचं तेल टिपायला केसच नसल्यामुळे त्यांना आंघोळ घालावी लागते. म्हातारं किंवा फार लठ्ठ मांजर पाठीपर्यंत पोचत नाही. त्याला ओल्या फडक्याने पुसावं, विंचरावं. याला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती पाहुण्यांसाठी घातलेल्या आंघोळीला. कारण परवाची आंघोळ मुळात ठमीसाठी नव्हतीच. सोफ्याची खोळ, पडदे, बरणीची झाकणं आणि मांजर, अशा यादीत ती आली होती. नागपूरची एक बाई काय म्हणेल या धाकाने, ज्या जिवाने नऊ वर्षं माझ्यावर विश्वास ठेवला, त्याला मी स्वतःच्या हाताने धरून ठेवलं होतं. चारही पाय मीच धरले होते. सुटका तिची तिने करून घेतली, हेच तेवढं बरं झालं.

तिसऱ्या दिवशी ठमी घरी आली. आल्या आल्या तिने खुर्च्यांचे पाय, दाराची चौकट, फ्रिजचा कोपरा असं सगळीकडे गाल घासत फेरी मारली. गालातल्या ग्रंथींचा वास लावून मांजर घर आपलं करून घेतं. तिचा स्वतःचा वास आम्ही मोगऱ्याने पुसून टाकला होता. ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून सातबारा लिहीत होती. हिच्या पायांना गाल घासला. चिरंजीवांच्याही घासला. माझ्या पायांना वळसा घालून गेली.

दुसऱ्या दिवशी मेहुणी आली. दारातच तिला सगळी हकीकत कळली. ठमीची जीभ, सलाइन, माझे सतरा ओरखडे. तिने गालाला हात लावला आणि म्हणाली, “अगंबाई! मी आपलं सहज विचारलं होतं.” मग ती अकरा वेळा शिंकली, गोळी घेतली आणि ठमीसाठी मिठाशिवाय कोंबडीचं मऊ पाणी करायला स्वयंपाकघरात गेली. पुढचे आठ दिवस ती सोफ्याच्या एका टोकाला नाकाला रुमाल लावून आणि ठमी दुसऱ्या टोकाला, असा दोघींचा संसार सुखाने चालला. माझ्याशी दोघीही फारसं बोलत नव्हत्या.

आता ठमी ठीक आहे. जीभ भरून आली. काकांनी परवा जिन्यात विचारलं, “काय, गेल्या का पिसवा?” मी त्यांना वर्तमानपत्र वाचायला दिलं नाही. ठमी सव्वा महिन्याने माझ्या मांडीवर आली. आली म्हणजे खिडकीकडे जाताना वाटेत मी होतो. पण दोन मिनिटं थांबली.

शाम्पूची बाटली मात्र पाऊण भरलेली राहिली होती. तीनशे रुपयांची वस्तू टाकवेना, म्हणून ती मीच संपवतो आहे. केस मऊ होतात, खोटं कशाला बोलू. सकाळी डोकं पुसत बाहेर आलो की बाटलीवरच्या कुत्र्याचा आणि मोगऱ्याचा वास घरभर पसरतो, आणि ठमी शेपूट उंच करून गॅलरीत निघून जाते.